खालच्या ओळीतली माणसं

(वाशिम येथे भरलेल्या थेट विक्रेत्यांच्या जिल्हा मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



थेट विक्री करणाऱ्यांच्या मेळाव्याला या धंद्यात नसलेला अध्यक्ष बोलावणं हे आयोजकांचं धाडसच म्हणायचं. मी आयुष्यभर पुस्तपालन शिकवलं. जमा कुठं धरायची आणि नावे कुठं टाकायचं, एवढंच मला कळतं. यशाच्या गोष्टी सकाळच्या सत्रात भरपूर झाल्या. एका वक्त्यानं तर गाडीचं मॉडेल आणि रंगसुद्धा सांगितला. मी हिशेबाचं बोलणार आहे, त्यामुळे टाळ्या कमी पडल्या तरी राग नाही.

जोडउत्पन्नाची गरज खरी आहे, हे आधी मान्य करू. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातले असे जिल्हे चारच: नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपण. इथं कोरडवाहू घरात पैसा वर्षातून दोनदा दिसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा, संक्रांतीनंतर तुरीचा. विहिरीला पाणी असेल त्याला हरभरा, गहू, थोडी हळद. पण पोराची फी, सासऱ्याचा दवाखाना आणि भाचीच्या लग्नातला आहेर काही हंगाम बघून येत नाहीत. मधल्या महिन्यांत कृषी केंद्राची उधारी असते, मंगळसूत्र सोनाराकडे असतं आणि मायक्रोफायनान्सवाला दर आठवड्याला दारात असतो. अशा घरातल्या बाईला कुणी म्हणालं की महिन्याला चार-पाच हजार जास्तीचे मिळतील, तर ती ऐकणारच. ‘लोभापायी बुडाले’ हा शेरा महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारी माणसं मारतात. मला तो कधीच पटला नाही.

माणसं जोडण्याचा ‘प्लॅन’ दाखवायला येणारी मंडळीही हंगाम ओळखून असतात. सोयाबीन विकलं की गावात मोटारसायकली वाढतात, आणि त्यातल्या काहींवर टाय बांधलेली पोरं असतात.

दारोदार विकणं ही या भागाला नवी गोष्ट नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ज्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान आहे, त्या समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरले. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आपल्या आयांनी पाहिली. कासारीण ओट्यावर बसायची, हात दाबून दाबून बांगड्या भरायची, पैसे किंवा पायलीभर ज्वारी घ्यायची आणि पुढच्या घरी जायची. ‘आता तू चार कासारिणी आण, मग तुझ्या बांगड्या फुकट’ असं ती कधी म्हणाली नाही. तिचा नफा बांगडीत होता. तिकडे अमेरिकेत एव्हॉन कंपनीची सुरुवात १८८६ मध्ये घरोघर अत्तर विकण्यातून झाली, आणि १९५० च्या दशकात ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं टपरवेअरचे डबे घरगुती बैठका भरवून विकले. घरात बसून, ओळखीच्या बळावर विकण्यात कमीपणा काहीच नाही. दुकानाचं भाडं नाही, वेळ आपल्या हातात, आणि ज्या बाईला एरवी कुणी गल्ल्यावर बसू देणार नाही तिला चार पैसे स्वतःचे मिळतात. समोर बसलेल्या कितीतरी जणी साबण, मसाले, साड्या, प्रेशर कुकर विकून हेच करतात. त्यांना माझा नमस्कार.

माझा झगडा दुसऱ्या गोष्टीशी आहे. प्लॅन सांगणारा घरात येतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, “याच्यात इकाचं काईच नाई भाऊ, फक्त दोन मानसं जोडाची.” विकायचं काहीच नसेल, तर पैसा येतो कुठून? पुस्तपालनाच्या पहिल्या धड्यातला हा प्रश्न आहे. एकाच्या वहीत जमा झालं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत ते नावे पडलेलं असतं. माल बाहेरच्या गिऱ्हाइकानं त्याच्या गरजेपोटी घेतला, तर तो पैसा व्यापारातला. तोच पैसा नव्यानं आलेल्या माणसाच्या जॉइनिंगमधून आला, तर तो खालच्याचा खिसा कापून वरच्याच्या खिशात गेला. मध्ये एखादं सूटचं कापड, पाण्याचं यंत्र किंवा रसाची बाटली ठेवली म्हणून हिशेब बदलत नाही.

आता प्लॅन सांगणारा दाखवतो तो गोल-गोल काढलेला कागद घेऊ. तुम्ही सहा जणांना आणायचं, त्या प्रत्येकानं सहा. पहिल्या ओळीत ६, मग ३६, मग २१६, मग १,२९६, पाचव्या ओळीत ७,७७६. सादरीकरण बहुधा इथंच थांबतं आणि चहा येतो. आपण चहा बाजूला ठेवून पुढं जाऊ. सहावी ओळ ४६,६५६. सातवी २,७९,९३६. आठवी १६,७९,६१६. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११,९७,१६० होती, तीही पाळण्यातली पोरं आणि खाटेवरचे म्हातारे धरून. म्हणजे एकट्या आठव्या ओळीला वाशिम जिल्हा पुरत नाही. शिवाय कुठल्याही ओळीवर थांबा, सहा-सहाच्या या झाडात शंभरातली साधारण त्र्याऐंशी माणसं सर्वांत खालच्या ओळीत असतात, ज्यांच्याखाली कुणीच नसतं. त्यांनी मेहनत केली नाही म्हणून ती खाली राहिलेली नाहीत. झाडाचा आकारच तसा आहे. सेमिनारमध्ये मात्र त्यांना सांगतात, तुमची मानसिकता नकारात्मक आहे.

मानसिकतेचं हे औषध मला सर्वांत घातक वाटतं. तोट्यातल्या दुकानदाराला आपण म्हणतो, बाबा, दुकान बंद कर. इथं तोट्यातल्या माणसाला म्हणतात, अजून एक सेमिनार कर.

हे सगळं महाराष्ट्राला नवीन नाही. स्पीक एशिया आठवत असेल. वर्षाला ११,००० रुपये भरा, संगणकावर सर्वेक्षणं भरा, पैसे मिळवा, आणि माणसं आणली तर आणखी मिळवा. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत ते प्रकरण पोचलं. नाशिकच्या केबीसी मल्टीट्रेडनं नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत, म्हणजे आपल्या शिवेला लागून असलेल्या मुलखापर्यंत, साखळीनं लोक जोडले. २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले. सूत्रधार सिंगापूरला गेला आणि २०१६ मध्ये परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. मोठ्या, जुन्या कंपन्याही प्रश्नांतून सुटलेल्या नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयानं अॅमवे इंडियाच्या ७५७ कोटी रुपयांहून अधिक मालमत्तेवर टाच आणली. साखळी योजना चालवल्याचा तो आरोप आहे, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. त्याचा निकाल न्यायालयानं द्यायचा, मी देणार नाही. अॅमवेच्या मूळ कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १९७९ मध्ये ‘तुम्ही पिरॅमिड नाही’ असं म्हटलं होतं. का म्हटलं, ते बघण्यासारखं आहे. विक्रेत्यानं घेतलेल्या मालातला किमान ७० टक्के माल विकला पाहिजे आणि महिन्याला दहा गिऱ्हाइकांना विक्री झाली पाहिजे, असे कंपनीचे नियम होते, ते आयोगानं जमेस धरले. सगळी भिस्त मालाच्या खपावर होती.

आता कायदा. १९७८ चा एक केंद्रीय कायदा आहे, बक्षीस चिठ्ठ्या आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा. तो योजना चालवणाऱ्याला तर धरतोच, पण अशा योजनेत सभासद होणं आणि इतरांना सभासद करणं हेही त्यात गुन्हाच आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे ज्यानं मेव्हण्याला जोडलं तो कागदोपत्री फक्त फसलेला राहत नाही. २०१६ मध्ये केंद्रानं थेट विक्रीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि प्रवेश फी घ्यायची नाही असं सांगितलं. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले. त्यांत पिरॅमिड योजनेला बंदी आहे. विक्रेत्याजवळ ओळखपत्र हवं आणि गिऱ्हाइकाची आधी वेळ घेतल्याशिवाय त्याच्या दारात जायचं नाही. आणि ‘आणखी गिऱ्हाइकं आणा, तुमचे पैसे फिटतील’ असं सांगून माल विकायचा नाही. हे शेवटचं कलम आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय, हात वर करायला मी सांगत नाही.

औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्या-बाटल्यांचंही थोडक्यात सांगतो. डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आहे म्हणजे ते अन्न आहे, औषध नव्हे. ‘याने शुगर कायमची जाते’ अशी बाटलीची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं बंद आहे, तोंडी केली तरी. कुणाची चालू गोळी आपल्या शब्दावर सुटली, तर त्याचं पाप कुठल्या खात्यात टाकायचं, ते मला पुस्तपालनात सापडलं नाही.

आता तुमच्या वहीकडे येतो, कारण खरं भाषण तिथं आहे. कमिशन आलं की मोबाईलवर संदेश येतो, तो स्टेटसला लागतो. पण त्याच्या समोरची बाजू कुणी लिहीत नाही. समजा, महिन्याला ३,००० रुपये आले. आयडी चालू ठेवण्यासाठी स्वतःची २,००० ची खरेदी केली, त्यातला निम्मा माल फडताळात पडून आहे. अकोल्याच्या मीटिंगला दोनदा पेट्रोल, सेमिनारचं तिकीट, पाहुण्यांचा चहा, नमुन्याची बाटली. उरलं काय? अनेकदा उणे. आणि घरातल्या बाईचे तास तर आपण धरतच नाही. निंदणाला गेली असती तर त्या दिवसाची मजुरी रोख मिळाली असती. जोडउत्पन्न हे खर्च वजा केल्यावर मोजायचं असतं, एवढं साधं आहे, आणि सादरीकरणाच्या कागदावर वजाबाकीचं चिन्ह मी अजून पाहिलेलं नाही.

वजा होणारी आणखी एक गोष्ट आहे, तिला आकडा लावता येत नाही. ‘शंभर नावांची यादी काढा’ हा पहिला पाठ. यादीत कोण येतं? मामा, मावसबहीण, भिशीतल्या मैत्रिणी, बचत गट. गावात ज्यांच्या शब्दाला किंमत आहे, त्यांना आधी गाठतात: गुरुजी, आशाताई, अंगणवाडीताई. त्यांनी वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास कंपनीला फुकट मिळतो. साखळी तुटली की कंपनी दुसऱ्या नावानं उघडते, पण आशाताईला त्याच गल्लीतून लसीकरणाला फिरायचं असतं. शासकीय नोकरांनी तर वर्तणूक नियमही काढून बघावेत. खाजगी धंद्याला पूर्वपरवानगी लागते, आणि घरच्यांच्या कमिशन एजन्सीसाठी गिऱ्हाइकं गोळा करत फिरणंही चालत नाही.

मग ओळखीचं जाळं वापरायचंच नाही का? वापरायचं, जरूर. मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून हेच जाळं उलट्या दिशेनं वापरलं. शेजारची घरं एकत्र आली, महिन्याच्या किराण्याची मागणी एकत्र नोंदवली, माल एकत्र आणला आणि आपसात वाटून घेतला. कुणी कुणाच्या वर नाही, कुणी खाली नाही. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच उभ्या राहिलेल्या लिज्जतमध्ये बाईला पैसे मिळतात ते लाटलेल्या पापडाचे. आपल्याकडे काय कमी आहे? आपली तूर अकोल्याच्या डाळमिलमध्ये जाते आणि डाळ होऊन आपल्याच किराणा दुकानात दुप्पट तोऱ्यात बसते. रिसोडची हळद आहे. अलीकडे चियाचं पीकही जिल्ह्यात आलंय. ‘उमेद’ अभियानाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे बचत गट गावोगाव आहेत, त्यांना पापड-लोणच्याच्या पलीकडे विकता येत नाही ही त्यांची अडचण आहे, आणि विकायचं कसं, हे तुम्हाला येतं. अनोळखी दार वाजवणं, नकार पचवणं, पुन्हा जाणं, हे कसब कॉलेजात शिकवत नाहीत. सेमिनारवाल्यांनी ते तुम्हाला शिकवलं, त्याचं श्रेय त्यांना देतो. पन्नास घरांना वर्षभराची डाळ पोचवणारी एक बाई मला हिऱ्या-मोत्यांच्या पदव्या मिळवणाऱ्यापेक्षा पक्की व्यापारी वाटते. तिचा नफा लहान असेल. पाऊस हुकला तर तिलाही फटका बसेल, हे काही खोटं नाही. पण गिऱ्हाइकाला डाळ पुढच्या महिन्यातही लागणार.

दुपारच्या सत्रात ठराव यायचे आहेत. मसुदा मी वाचला. ‘शासनानं थेट विक्रेत्यांना मान्यता द्यावी’ वगैरे पहिले चार ठीक आहेत. पाचवा माझ्याकडून घालावा: या मेळाव्याशी जोडलेला प्रत्येक विक्रेता जमाखर्चाची वही ठेवील, आणि नवीन माणसाला प्लॅन दाखवण्याआधी त्याला ती वही दाखवील, मागच्या बारा महिन्यांची, फडताळातल्या न खपलेल्या मालासकट. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक समोरच्यांपैकी कुणी होत असेल, तर जेवणाआधीच नाव द्यावं.