परदेशी सुट्टी, आजोळची आखणी

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला दिलेला विषय असा आहे : लहान मुलांना घेऊन परदेशातल्या मोठ्या शहरात सुट्टी कशी आखावी. पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांना हा विषय आपला नाही असं वाटेल. त्यांच्या लहानपणी सुट्टी म्हणजे काचीगुड्याहून मनमाडची गाडी धरायची आणि नांदेड, परभणी, जालन्याला आजोळी उतरायचं. आखणी काय, तर एक ट्रंक, एक वळकटी आणि दशम्यांचा डबा. तरीही मी त्यांच्यापासूनच सुरुवात करणार आहे, कारण मुलांच्या सुट्टीचं सगळं शास्त्र त्या आजोळात होतं.

आजोळी मूल खूश का असायचं? तिथे तीन गोष्टी होत्या. भूक लागली की खायला आणि पेंग आली की पडायला घर होतं. पळायला अंगण होतं. आणि एक माणूस दमला तर दुसरं सांभाळायला माणसं होती. परदेशातल्या शहरात या तिन्ही गोष्टी आयत्या मिळत नाहीत. आपण प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो, विमानाची तिकिटं काढतो आणि या तीन गोष्टी विसरतो. मग तिसऱ्या दिवशी मूल रस्त्यात बसकण मारतं, आई-बाबा एकमेकांवर चिडतात, आणि कित्येक वर्षं साठवलेल्या पैशांची सहल "एवढे पैसे भरलेत, चल लवकर" या वाक्यावर येऊन ठेपते. म्हणून आज मी यादीबद्दल कमी आणि घर, अंगण, माणसं यांबद्दल जास्त बोलणार आहे. उदाहरण म्हणून लंडन घेते, कारण आपल्याकडच्या अनेकांचे मुलगे-मुली, भाचे-पुतणे तिकडे आहेत आणि बोलावणी येत असतात.

आधी शहर कोणतं, ते मुलांच्या वयावर ठरवा. दुबई हैदराबादहून साधारण चार तासांवर आहे, सिंगापूर साडेचार तासांवर. लंडनला थेट विमानानंही दहा तासांच्या आसपास लागतात. दोन वर्षांच्या मुलाला लंडन आणि दुबई यांत फरक कळत नाही, पण चार तास आणि दहा तास यांतला फरक नक्की कळतो! तीन-चार वर्षांखालच्या मुलाला या सहलीतलं मोठेपणी काही आठवणार नाही, हेही मान्य करून टाकावं. तरीही जायला हरकत नाही. ती सहल आपल्या आनंदासाठी आहे, एवढं स्वतःशी कबूल केलं की मुलावर ओझं पडत नाही. सहा-सात वर्षांपुढे मात्र मूल पाहिलेलं मनात ठेवतं.

मग वेळ. आपल्या शाळांना एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते. तिकडे मेच्या अखेरीस शाळांना आठवडाभराची मधली सुट्टी पडते आणि मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते. तेव्हा मेचे पहिले तीन आठवडे किंवा जूनचा पहिला पंधरवडा आपल्या सोयीचा. हैदराबाद चाळीस अंशांवर असताना तिथे सकाळी स्वेटर लागतो. आणि एक गंमत ध्यानात ठेवा : जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. खिडकीला जाड पडदा नसेल, तर "अजून उजेड आहे" म्हणणाऱ्या मुलाला झोपवणं म्हणजे शिक्षाच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे आपला चालू आहे म्हणून त्यांचाही असेल असं धरू नका. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिन्यांआधी अर्ज करता येत नाही, आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे मधले दोन महिने हीच अर्जाची वेळ. मूल आई किंवा बाबा यांपैकी एकाबरोबरच किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर न येणाऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ ठेवा. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल, तर मुलाचा जन्मदाखलाही बरोबर असू द्या.

आता घराकडे येऊ.

हॉटेलच्या खोलीत मुलाला वरण-भात मिळत नाही. चार माणसांच्या कुटुंबासाठी स्वयंपाकाची सोय आणि कपडे धुण्याचं यंत्र असलेली भाड्याची जागा घ्यावी. ती शहराच्या मध्यापासून थोडी लांब असली तरी चालेल, पण बसथांब्याजवळ आणि बागेजवळ हवी. रात्री घरचा मऊ भात पोटात गेला की दुसरा दिवस निम्मा सोपा होतो. मात्र आपल्या बायकांना एक सूचना. साजूक तुपाची बरणी आणि खव्याचे पेढे बॅगेत भरू नका. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत; तान्ह्यांच्या दुधाच्या पावडरीला आणि बाळांच्या खाण्याला मर्यादित सूट आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला खुशाल न्या. तूप तिथल्या साउथॉल, वेम्बली, टूटिंगसारख्या वस्त्यांत सहज मिळतं.

औषधांचंही तसंच. आपल्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी घ्या. प्रतिजैविकं तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. तापाचं औषध तिथलं घेतलं, तर बाटलीवरचं प्रमाण वाचूनच द्या. एकाच नावाच्या औषधाची तीव्रता देशागणिक वेगळी असू शकते. प्रवासविमा मुलांचाही काढा.

घराचाच एक भाग म्हणजे झोप. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. इथे साडेसहाला उठणारं मूल तिथे पहाटे दोनला टक्क जागं होतं आणि दुपारी साडेचारला पेंगायला लागतं. शरीर नव्या वेळेला साधारण दिवसाला एक तास या चालीनं सरावतं, म्हणजे पहिले चार-पाच दिवस असेच जाणार. निघण्याआधी चार रात्री मुलांना अर्धा-अर्धा तास उशिरा झोपवत गेलात तर त्रास थोडा कमी होतो. आणि हे लवकर उठणं कामालाही लावता येतं. जूनमध्ये तिथे पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि हाइड पार्क पाच वाजता उघडतं. सहाला बागेत बदकं बघा, दहाला संग्रहालयाच्या दारात पहिले उभे राहा, दोनपर्यंत घरी परत या. गर्दी जमायच्या आत आपला दिवस पार पडलेला असतो.

दुसरी गोष्ट अंगण. लंडनची मोठी देणगी म्हणजे तिथल्या बागा, आणि त्या फुकट आहेत. सेंट जेम्स पार्कमध्ये १६६४ पासून पेलिकन पक्षी आहेत. पहिले पक्षी रशियाच्या राजदूतानं भेट दिले होते. मुलांना राजवाड्यापेक्षा ते पेलिकन आणि खारी जास्त आवडतात, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

नियम एकच ठेवा : एका दिवशी एक मोठं ठिकाण, आणि त्यानंतर बाग. साउथ केन्सिंग्टनला निसर्गइतिहासाचं आणि विज्ञानाचं अशी दोन संग्रहालयं शेजारी-शेजारी आहेत, दोन्हींना प्रवेशमूल्य नाही. म्हणून लोक दोन्ही एकाच दिवशी उरकतात. तसं करू नका. फुकट असल्याचा खरा फायदा असा की दीड तासात बाहेर पडलात तरी पैसे बुडत नाहीत. निसर्गइतिहास संग्रहालयाच्या मुख्य दालनात छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, २५ मीटर लांब. आपल्या आर.टी.सी.च्या दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या होतील तेवढा. त्याच्याखाली मूल अर्धा तास वर बघत बसलं तर बसू द्या. तेच त्याचं लंडन.

फिरायला शक्यतो बस घ्या. भुयारी रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक ठिकाणी रस्त्यापासून गाडीपर्यंत कुठे ना कुठे जिने आहेत. हातात बाबागाडी, कडेवर मूल आणि सोबत गुडघे दुखणाऱ्या आजी असतील तर फार हाल होतात. बसमध्ये बाबागाडीला जागा असते. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळाली, तर कोणत्याही तिकिटाच्या सहलीपेक्षा मुलांना मजा येते. आपल्या शहरातली जुनी दुमजली बस ज्यांना आठवते, त्या आजोबांनाही येईल. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवावं लागतं, प्रत्येक मोठ्या माणसाचं वेगळं. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर बस आणि भुयारी रेल्वे मोफत आहे. हीथ्रो विमानतळावरून शहरात यायला एलिझाबेथ लाइन घ्या. तिच्या सर्व स्थानकांवर जिना टाळून जाता येतं.

पैसे देऊन बघायचं एखादंच ठिकाण निवडायचं असेल, तर हैदराबादच्या मुलांसाठी मी टॉवर ऑफ लंडन सुचवेन. तिथे राजमाता एलिझाबेथ यांच्या मुकुटात कोहिनूर आहे. तो आपल्या कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला असं मानलं जातं, आणि त्या हिऱ्यांचा बाजार होता गोवळकोंड्याला. म्हणून जाण्याआधी एका रविवारी मुलांना गोवळकोंड्यावर न्या. फतेह दरवाजापाशी टाळी वाजवा आणि ती वर बालाहिसारला ऐकू येते का बघा. १६७७ साली शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला याच भागानगरात आले होते, तेही सांगा. मग १८४९ ची गोष्ट सांगा : लाहोरच्या तहानुसार हा हिरा इंग्रजांकडे गेला, तेव्हा पंजाबचे महाराज दुलीपसिंग अवघे दहा वर्षांचे होते. दहा वर्षांच्या मुलाकडून हिरा घेतला, हे आठ वर्षांच्या मुलाला लगेच समजतं. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडल्यावर तो १०५.६ कॅरटचा उरला, म्हणजे जेमतेम दोन तोळे. "एवढासाच?" असं मूल म्हणेल. म्हणू द्या. काचेपुढे उभं राहून प्रश्न विचारणारं मूल आणि काचेपुढून ओढत नेलेलं मूल यांत आधी सांगितलेल्या गोष्टीचाच फरक असतो. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत, तीही याच कृष्णाकाठची.

तिसरी गोष्ट माणसं. आजी-आजोबा बरोबर येत असतील, तर त्यांना मुलं सांभाळायला नेलंय असं होऊ देऊ नका. दोन दिवसांआड एक दुपार त्यांची, एक संध्याकाळ आई-बाबांची, असं आधीच ठरवा आणि बोलून ठरवा. आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये घेतलं. आजोबांना ते बघायचं असेल आणि नातवाला झोप आली असेल, तर दोघांचंही जमायला हवं. आपल्या माणसांची आठवण आलीच, तर १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ तिथे आहे.

मूल हरवण्याची भीती सगळ्यांना असते. मनगटावर आपला फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा, सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा, आणि दोन वाक्यं पाठ करून घ्या : हात सुटला तर आहेस तिथेच थांब, गाडीत एकटा राहिलास तर पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच उभा राहा, आम्ही येतो.

शेवटी एक सुचवते. निघण्याआधी महिनाभर इथेच रंगीत तालीम करा. मियापूर-कुकटपल्लीकडचे असाल तर मेट्रोनं एम.जी.बी.एस.ला उतरा, तिथून सालारजंग संग्रहालय गाठा. शुक्रवारी ते बंद असतं, दुसरा दिवस निवडा. बाराच्या आत त्या संगीत घड्याळापुढे जाऊन बसा; छोटा माणूस बाहेर येऊन बारा टोले देतो. आपलं मूल किती चालतं, किती वेळानं पाणी मागतं, किती दालनांनंतर कंटाळतं, हे नीट बघा आणि कागदावर लिहून ठेवा. सालारजंगमध्ये ते दोन तास टिकत असेल, तर लंडनमध्ये अडीच तासांची अपेक्षा धरू नका. मग तुमची ती लांबलचक यादी घ्या आणि त्या कागदाप्रमाणे कापा. जे उरेल ते मुलाला दाखवा आणि त्यातलं एक ठिकाण त्याला निवडू द्या.

आपल्या आई-वडिलांनी आपल्याला आजोळी नेलं तेव्हा स्थळं मोजली नव्हती. तरी ते अंगण आपल्याला अजून आठवतं. आपल्या मुलांनाही काहीतरी आठवावं, एवढ्यासाठीच ही सारी खटपट.