ई-पुस्तकाची किंमत कोण ठरवतो?
(महाड येथील भाषण)



ई-पुस्तकाची पहिली प्रत सिद्ध करण्यास खर्च येतो, लेखकाचे मानधनही रास्तच. परंतु पुढील प्रतींचा खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे किंमत ठरते ती विक्रीवरील मक्तेदारीच्या बळावर! त्यातही ग्राहकाला बहुधा मिळतो तो केवळ वाचनाचा परवाना. २००९ साली अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची विकलेली पुस्तके, विक्रेत्याला हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. पैसे परत दिले, हे खरे. पण महाडात घेतलेले छापील पुस्तक पोलादपूरच्या मित्राला वाचायला देताना आपण कोणाची परवानगी मागतो?

सरकारची तऱ्हा निराळी नाही. २०१७ साली छापील पुस्तक करमुक्त ठेवून ई-पुस्तकावर १८ टक्के जीएसटी बसवला. २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, तोही छापील आवृत्ती असेल तरच.

बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला. त्यांच्या साहित्याचे खंड राज्य शासन १९७९ पासून जनतेच्या पैशातून काढत आले आहे. सार्वजनिक पैशातून निघणारा प्रत्येक ग्रंथ छपाईच्या दिवशीच ई-रूपात विनामूल्य मिळाला पाहिजे. खाजगी ई-पुस्तकांची देवघेव करण्याचा हक्क तालुक्याच्या ग्रंथालयांना कायद्याने मिळाला पाहिजे. चवदार तळ्याच्या गावाने ही मागणी प्रथम करावी.