न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग

बचत, कर्ज, शेळीपालन यांवर आपण नेहमी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. घरात आणलेली, पण वाचायची राहून गेलेली पुस्तकं.

आमच्या गटातल्या एका ताईंना पुस्तकांची फार हौस. तालुक्याला ग्रंथप्रदर्शन लागलं की शिवणकामाच्या पैशातून एखादं तरी पुस्तक घरी येणारच. संक्रांतीच्या वाणात मिळालेली, मुलीला शाळेत बक्षीस आलेली, सत्कारात नारळाबरोबर हातात पडलेली, अशी सगळी मिळून त्रेचाळीस पुस्तकं ट्रंकेत साठली. वाचून झालेली अकरा. घरचे म्हणायला लागले, "वाचत नाहीस तर घेतेस कशाला? देऊन टाक रद्दीत." ताईंनाही ते पटत चाललं होतं. बैठकीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्याच विचारात पडलो.

फडताळातली पितळेची पातेली वर्षातून एकदा, सणाला खाली उतरतात. लग्नातला शालू ट्रंकेत तसाच असतो. त्यांचा हिशेब कुणी मागत नाही. मग बाईच्या पुस्तकाचाच का मागतात? आणि पुस्तकं वाचायची राहिली ती आळसामुळे का? आम्ही सगळ्यांनी आपापला दिवस मांडून पाहिला. पाणी, स्वयंपाक, गुरं, रोजगार, पुन्हा स्वयंपाक. रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. पुस्तक विकत घ्यायला दीडशे रुपये साठवता येतात, वाचायचा अर्धा तास मात्र साठत नाही. ढीग वाढतो तो त्यामुळे.

पण ट्रंकेत ठेवून पुस्तकाचंही भलं होत नाही. कसर लागते, वाळवी लागते. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यातला एक असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. तो वाचक पुस्तकाची मालकीणच असावी, असं त्यात कुठेही नाही. आम्ही ते धरून चाललो.

गटाच्या वहीत मागची चार पानं पुस्तकांसाठी राखली. पुस्तकाचं नाव, कुणाचं, कुणी नेलं, कधी परत. पुस्तक ज्या बाईचं, तिचंच राहतं. पहिल्या पानावर तिचं नाव असतं. व्याज नाही, दंड नाही. नाही आवडलं तर अर्धं सोडून परत करायला मुभा. ताईंच्या ट्रंकेतली पुस्तकं आज नऊ घरांत फिरताहेत.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? बैठक संपली की आम्ही वीस मिनिटं मोठ्यानं वाचतो. एकजण वाचते, बाकीच्या शेंगा फोडत ऐकतात. पहिलं पुस्तक घेतलं बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. १९८६ साली ते पुस्तकरूपानं आलं. फलटणच्या या बाई छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेली रद्दी आधी वाचून काढायच्या. दुकानात बसूनच लिहायच्या आणि त्या वह्या कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवल्या. हे ऐकल्यावर आमच्या ताई रद्दीचं नाव काढेनात.

बाळंतपणाच्या हालांचा भाग आला तेव्हा गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजी म्हणाल्या, "थांब गं जरा." आणि स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगू लागल्या. त्यांच्या शेजारीच बसलेल्या सुनेनंही ते कधी ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी वाचून झाली फक्त चार पानं. आम्हाला ती पुष्कळ वाटली.

आता उरला वेळेचा प्रश्न. आम्ही ठरवलंय, बुधवारी रात्रीची भांडी घरातलं दुसरं कुणीतरी घासेल, तो अर्धा तास आपला. बारा घरांपैकी तीन घरांत हे जमलंय. एका घरी मुलगा घासतो, दोन घरी नवरे. बाकीच्या घरांत अजून बोलणं चालू आहे. एका ताईला घरून विचारलं, "वाचून काय पिकणार?" तिनं सांगितलं, "पिकेल ते कळेल, आधी पेरू तर द्या."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातलं एक न वाचलेलं पुस्तक आणा. कसर असेल तर आधी झटकून सावलीत वारा द्या, ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. पुस्तक नसेल तर मुलांचं शाळेचं आणा, तेही चालेल. वहीत नोंद करा आणि पहिलं पान सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. अडखळलात तरी कुणी हसणार नाही, एवढं गटानं आधीच ठरवून घ्या.