दलदलीतली हरणाची शिकार

(मंडळाच्या 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेलं भाषण. दिवाळी अंकासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शिकारी' असं वाचून दोन-तीन काकूंनी खुर्च्या मागे सरकवल्या, ते मी पाहिलं. घाबरू नका, आज मी बंदूक आणलेली नाही, फक्त डबा आणलाय. आणि गंमत म्हणजे याच काकू दर उन्हाळ्यात मला फोन करतात, "अहो, हरणांनी माझी सगळी जास्वंद खाल्ली हो, काहीतरी उपाय सांगा!"

आधी मनातली शंका दूर करतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. १९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत व्हाइट-टेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीची हरणं, जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीचा तो परिणाम. आपल्या जॉर्जियात तर बाहेरून हरणं आणून सोडावी लागली. मग कायदे आले, हंगाम ठरले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. आज देशात तीन कोटींच्या घरात हरणं आहेत, आणि त्यांना खाणारे लांडगे-प्यूमा बहुतेक ठिकाणी नाहीत. म्हणून परवाना, हंगाम, किती मारायची याची मर्यादा, असं सगळं बांधून दिलेलं आहे. १ जानेवारी १९६१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंगामी परवान्यासाठी शिकारीचा कोर्स करावा लागतो. मीही केला, चाळिशीत, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून!

आता दलदल. 'स्वॅम्प डिअर' म्हटलं की आपल्याला कान्हाचा बारशिंगा आठवतो. तो नव्हे. मी जातो अल्टमहा नदीच्या काठच्या पाणथळ रानात, इथून चारेक तासांवर. ओकमल्गी आणि ओकोनी या दोन नद्या मिळून अल्टमहा होते आणि डॅरियनजवळ अटलांटिकला मिळते. ग्विनेट काउंटीत राहणाऱ्यांनो, तुमच्याकडची यलो रिव्हर शेवटी ओकमल्गीलाच मिळते. म्हणजे तुमच्या छपरावर पडलेला पाऊस काही दिवसांनी माझ्या गमबुटात शिरतो!

तिथे नदी काठ सोडून मैलोन् मैल पसरते. सायप्रस आणि ट्युपेलोची झाडं पाण्यात उभी, बुटके पाल्मेटो, आणि घोट्यापासून कंबरेपर्यंत केव्हा किती खोल जाल याचा नेम नाही. मग तिथे कशाला जायचं? कारण तिथे माणसं जात नाहीत, आणि हे हरणांना पक्कं ठाऊक आहे.

पहिली गोष्ट मी शिकलो ती ही, की दलदलीत हरीण शोधायचंच नाही, कोरडी जागा शोधायची. हरीण उत्तम पोहतं, पण बसतं मात्र कोरड्यावर. आजूबाजूपेक्षा फूटभर उंच असलेला, आपल्या दिवाणखान्याएवढा उंचवटा त्याला पुरतो. असे उंचवटे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी हिवाळ्यात घेतलेला उपग्रहाचा फोटो बघायचा. सायप्रसची पानं तेव्हा गळलेली असतात, सगळं करडं दिसतं. त्या करड्यात जिथे हिरवा ठिपका दिसेल, तिथे पाइन किंवा सदाहरित ओक, म्हणजे जमीन थोडी वर.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी. नदीवर सरकारी मापकं आहेत, डॉक्टरटाउनच्या मापकाचा आकडा घरबसल्या दिसतो. पाणी चढलं की खालचे उंचवटे बुडतात आणि हरणं वर सरकतात. गेल्या आठवड्यातली जागा या आठवड्यात कामाची नसते. पण म्हणून पुरात अडकलेल्या किंवा पोहणाऱ्या हरणावर गोळी घालायची नाही. पाण्यातल्या हरणाला मारणं इथे कायद्यानेही गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट खाणं. ओकची फळं पडू लागली की हरीण त्या झाडाखाली येणारच. तसंच पर्सिमन, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं अमेरिकन भावंड. लेंड्या आणि खुरांचे ठसे पाण्याने धुऊन जातात, म्हणून मी खोडं बघतो. नर शिंगं घासून साल काढतो, ती खूण पूर गेला तरी राहते.

चौथी गोष्ट वारा. हरणाला आपला भगभगीत केशरी जाकीट फारसं कळत नाही, केशरी रंग त्याला आपल्यासारखा दिसत नाही. जॉर्जियात बंदुकीच्या हंगामात असा ५०० चौरस इंच भगभगीत रंगाचा कपडा अंगावर घालावाच लागतो, तो दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसावा म्हणून. पण वास? तुमच्या सकाळच्या चहातलं आलंसुद्धा त्याला कळतं! म्हणून वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशीच जागा निवडायची. इथे मात्र दलदल आपल्या बाजूची. पाण्यातून चालत गेलं की पावलांचा वास मागे राहत नाही. छोट्या होडीने मागच्या बाजूने गेलं तर आणखी बरं, कारण तिकडून कोणी येईल अशी त्याची अपेक्षा नसते. पाण्यात पाय उचलून आपटायचा नाही, सरकवायचा. चार पावलं, मग थांबायचं. हरीणही असंच चालतं.

मग झाडावर मचाण. सायप्रसचा बुंधा खाली फार फुगलेला असतो, त्यावर मचाण नीट बसत नाही, दुसरं झाड बघावं. आणि कमरेचा-खांद्याचा पट्टा जमिनीवरूनच बांधून चढायचं. लोक मगरी आणि कॉटनमाउथ सापाबद्दल विचारतात. खरं सांगतो, मचाणावरून पडण्याची भीती मला त्या दोघांपेक्षा जास्त वाटते.

इतकं सगळं मी पुस्तकं वाचून, नकाशे बघून शिकलो होतो. इंजिनिअर माणूस, एक्सेल शीटसुद्धा केली होती! दुसऱ्या हंगामात एका संध्याकाळी सगळं जुळून आलं. उंचवटा बरोबर, वारा बरोबर, आणि ओहोळापलीकडे एक नर. साठेक यार्डांवर, थोडा तिरका उभा. उजेड संपायला दहा मिनिटं. मी घाई केली. गोळी लागली हे दिसलं, आणि हरीण पाण्यात घुसून गेलं.

मी लगेच खाली उतरलो. ते कुठल्या दिशेला गेलं, हे होकायंत्रावर बघितलंसुद्धा नाही. ओहोळ पार करेपर्यंत काळोख झाला. पाल्मेटोच्या एका पानावर रक्त होतं, त्यापुढे नुसतं पाणी. पाण्यावर माग राहत नाही, मंडळी. रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दुपारी गिधाडं घिरट्या घालताना दिसली, मग कळलं कुठे ते. पोचलो तेव्हा घरी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चार तास गाडी चालवत घरी आलो. बायकोने विचारलं, "काय, मिळालं का?" मी नाही म्हटलं. ते उत्तर खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्या वर्षी मी परत गेलो नाही. ऑफिसात एक वयस्कर सहकारी होते, लहानपणापासून त्या नदीवर शिकार केलेले. त्यांना शेवटी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू हरीण कुठून येईल याचा विचार केलास. ते कुठे जाईल याचा केला नाहीस."

तेव्हापासून माझी पद्धत उलटी झाली. आता जागा निवडताना मी आधी बघतो, की गोळी लागल्यावर हरीण शंभर यार्ड पळालं, तर मला ते सापडेल का? मागे खोल पाणी असेल तर ती जागा कितीही चांगली असली तरी रद्द. अंतर चाळीस यार्डांच्या आत. हरीण पूर्ण आडवं उभं असेल तरच. संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास कायद्याने चालतो, मी तो सोडून देतो. गोळीनंतर मचाणावरूनच होकायंत्राने दिशा लिहून ठेवायची, अर्धा तास जागचं हलायचं नाही. जखमी हरणाच्या मागे लागलं की ते आणखी खोल पाण्यात जातं. आणि माग काढणारा कुत्रा असलेल्या माणसाचा फोन नंबर खिशात, कारण दोरीला बांधलेल्या कुत्र्याने माग काढायला इथे परवानगी आहे.

हरीण सापडलं की बाकीचं अंगमेहनतीचं काम. थंडीतले त्याचे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतं, दोरी बांधून ओढत आणता येतं. दक्षिण जॉर्जियात नोव्हेंबरातही उकडतं, म्हणून लगेच साफ करून बर्फात ठेवायचं. आणि एक नवी काळजी. जानेवारी २०२५ मध्ये लॅनिअर काउंटीत हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग हा रोग जॉर्जियात पहिल्यांदा सापडला. त्या भागातलं हरीण तपासून घ्यावं, रोग निघाला तर खाऊ नये.

गेल्या हंगामात तीन वेळा गेलो. एकदा पहाटे सुरेख शिंगांचा नर आला, पण पाण्याच्या अगदी कडेला उभा राहिला. पाच-सात मिनिटं मी त्याच्याकडे बघत होतो. मग तो पाण्यात उतरला आणि निघून गेला. गोळी झाडली नाही. आणि त्या दिवशी घरी आल्यावर बायकोने विचारलं तेव्हा सगळं नीट सांगता आलं.

तिसऱ्या खेपेला एक मादी मिळाली. शिकारीचं मांस इथे विकता येत नाही, त्यामुळे वाटूनच खायचं. डब्यात तिचाच रस्सा आहे, कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलेला. ज्यांना चालतं त्यांनी अवश्य घ्या. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी बटाट्याची भाजी आहे.

आणि काकू, तुमची जास्वंद मला वाचवता येणार नाही. त्याला आठ फूट उंच कुंपणच हवं!