उशिराचा पदवीदान समारंभ

ज्या समारंभाची वेळ टळून गेली तो मागाहून साजरा करावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु बीड जिल्ह्यांतील ज्या तरुण-तरुणींनीं २०२० आणि २०२१ या सालीं पदवी मिळविली, त्यांच्या बाबतींत तो क्षुल्लक नाहीं, असें मला वाटतें. त्याचींच कारणें आज आपणांपुढें मांडावयाचीं आहेत.

गुरुगृहांतून निघणाऱ्या शिष्यास उपदेश करून निरोप देण्याचा समावर्तनाचा विधि आपल्याकडे फार जुना. तैत्तिरीय उपनिषदांत गुरूचा असा उपदेश आलेला आहे. अर्वाचीन काळीं मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ मध्यें रानडे, भांडारकर प्रभृतींची पहिली तुकडी बी. ए. झाली. बीडच्या वाट्यास मात्र हें भाग्य उशिरा आलें. निजामी राजवटींत येथील विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठीं हैदराबादची किंवा परमुलुखाची वाट धरावी लागे. १९१८ मध्यें निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली, आणि पुढें दहा वर्षांनीं, २३ ऑगस्ट १९५८ रोजीं, मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें झालें. तेव्हां आपल्याच भूमीवर पदवी घेण्याची परंपरा येथें अवघी तीन पिढ्यांची आहे. आणि कित्येक घरांत तर अजून पहिलीच पिढी पदवीधर होत आहे.

अशा घरांत महामारीनें काय केलें तें पाहा. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. ऊसतोडीस गेलेलीं हजारों माणसें कारखान्यांच्या परिसरांत अडकून पडलीं. एप्रिलमध्यें सरकारनें परवानगी दिल्यावर तीं गांवीं परतलीं. इकडे अंतिम वर्षाच्या परीक्षेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजीं लागला. मग मोबाईलच्या पडद्यावर, मिळेल तेथें जाळ्याचा शोध घेत, मुलांनीं परीक्षा दिल्या. पदवीचा कागद पुढें कित्येकांच्या हातीं आला तो कचेरीच्या खिडकींतून. टाळी वाजली नाहीं, नांव पुकारलें गेलें नाहीं. उलट "करोनाची पदवी" हा टोमणा तेवढा ऐकावा लागला. न्यायालयानें जी परीक्षा माफ केली नाहीं, ती दिलेल्या मुलांस हा टोमणा मारणें अन्यायाचें आहे. आणि जाहीर अन्यायाचें परिमार्जन जाहीर रीतीनेंच व्हावें लागतें.

कोणी म्हणेल, आतां हीं मुलें पुण्याकडे नोकरीस लागलीं, कोणाचीं लग्नें झालीं. दुष्काळी जिल्ह्यांत हा खर्च कशाला? आक्षेप खोटा नाहीं. परंतु समारंभास लागतें काय? एक सभागृह, एक यादी आणि ती मोठ्यानें वाचणारा माणूस. जगांतील संपन्न विद्यापीठांनाही ही गरज वाटली. हार्वर्डनें २०२० व २०२१ या दोन्ही वर्षांच्या पदवीधरांचा एकत्र समारंभ २९ मे २०२२ रोजीं केला. तेथें जें शोभेचें, तें येथें अधिक अगत्याचें आहे. कारण येथें पदवी एकट्या मुलाची नसते. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोची जी जोडी फडांत राबते, तिला "कोयता" असेंच म्हणतात. माणसास हत्याराचें नांव पडावें, अशा कष्टांतून ज्यांनीं फी भरली, त्यांस आपल्या लेकीचें नांव सभेंत ऐकण्याचा हक्क आहे.

म्हणूनच दिवस निवडतांना कारखान्याचा हंगाम पाहावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात; परततात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशीं. हिवाळ्यांत समारंभ ठेवला तर खुर्च्या भरतील, पण आईबाप नसतील. माझी सूचना १७ सप्टेंबरची आहे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीं महाविद्यालयांत ध्वजवंदन होतेंच, आणि तेव्हां ऊसतोड कामगार घरीं असतात. ज्या दिवसानें या मुलुखाला शिक्षणाचें दार उघडलें, त्या दिवशीं हें राहिलेलें ऋण फेडावें.

मात्र पाहुण्यांचीं भाषणें आंवरतीं घ्यावीं आणि पहिल्या रांगेंत आईबापांस बसवावें. प्रत्येकाचें नांव गांवासह पुकारावें. आणि एक गोष्ट विसरूं नये. एप्रिल २०२१ मध्यें अंबाजोगाईस आठ देहांना एकाच चितेवर अग्नि द्यावा लागला, असा तो काळ होता. त्या लाटेंत जे विद्यार्थी, जे शिक्षक, जे शिपाई गेले, त्यांचीं नांवें यादींत सर्वांप्रथम यावीं. घरच्यांची इच्छा असेल तर गेलेल्या विद्यार्थ्याचें पदवीपत्र त्यांच्या हातीं द्यावें. नसेल तर नुसतें उभें राहून स्तब्ध व्हावें. उत्सव आणि शोक एकाच दिवशीं कसे, असें कोणी विचारील. आपल्या घरांत शुभकार्यापूर्वीं पितरांचें स्मरण करण्याची चाल आहेच. तीच येथें पाळावयाची.

कांहीं मुलें येणार नाहींत. येतील त्यांच्यासाठीं तरी प्राचार्यांनीं, संस्थाचालकांनीं आणि माजी विद्यार्थ्यांनीं यंदांच एकत्र बसून तारीख ठरवावी. दर वर्षाच्या विलंबाबरोबर पहिल्या रांगेंतील एखादी खुर्ची कायमची रिकामी होत असते.