पगार, चावी आणि कोर्लईची भाषा

आकुर्डी स्टेशनजवळच्या खोलीतून रेकॉर्ड करतोय. मधेच लोकलचा भोंगा वाजला तर सांभाळून घ्या.

कालच पगार झाला. हा 'पगार' मूळचा पोर्तुगीज शब्द, माहितीये? चावी, बटाटा, पाव, मेस्त्री, हेसुद्धा तिकडचेच. आले कसे?

१४९४ साली तोर्देसिल्यास या गावी स्पेन आणि पोर्तुगालच्या राजांनी करार केला. अटलांटिक समुद्रात एक उभी रेघ ठरवली. तिच्या पश्चिमेला जे नवं सापडेल ते स्पेनचं, पूर्वेला पोर्तुगालचं. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही! मग १४९८ मध्ये राजा मानुएलने पाठवलेला वास्को द गामा कालिकतला पोचला. आपण शाळेत 'भारताचा शोध' असं पाठ केलं. पण आपल्या चौल बंदरातून अरबांशी व्यापार त्याआधी कित्येक शतकं चालूच होता की.

पोर्तुगीजांनी नवा नियम आणला. जहाज न्यायचंय? आमच्याकडून 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त. समुद्र तोच, फक्त टोलनाका त्यांचा.

हे सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं नाही. १५०८ ला चौलच्या लढाईत खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरी पुढे त्यांनी तिथे किल्ला उभारलाच. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पुढच्या वर्षी पोर्तुगीजांना चौलही सोडावं लागलं.

राज्य गेलं. पण चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे भाषा. तिथली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात ती बोलतात. तिला म्हणतात 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. बोलणारे जेमतेम हजारभर. शाळा मराठीत, नोकरी गावाबाहेर. मग मुलं ती भाषा बोलणार कुणाशी?

हे वाचलं तेव्हा मला माझंच आठवलं. मी धुळ्याकडचा, घरची भाषा अहिराणी. इथे पहिल्या नोकरीत आईचा फोन आला आणि मी सहज बोललो, "काय करी ऱ्हायनी?" आजूबाजूची पोरं हसली. त्या दिवसापासून मी फोन घेऊन जिन्यात जायला लागलो. हळूहळू आईशीही प्रमाण मराठीत बोलायला लागलो. तिने कधी विचारलं नाही, पण तिचं बोलणं कमी झालं.

कोर्लईच्या लोकांनी राजा नाही, लष्कर नाही, तरी पावणेतीनशे वर्षं आपली भाषा घरात टिकवली. मी सात वर्षांत घालवायला निघालो होतो.

हल्ली आईचा फोन जागेवरच घेतो. अहिराणीतच बोलतो.

तुमच्या घरात कुठली बोली आहे? आज रात्री घरी फोन कराल तेव्हा तिच्यातच बोला. भेटू पुढच्या भागात!