भीमाशंकरच्या रानात



सहलीची हकीकत मी सांगावी असे कार्यकारिणीने ठरविले. बोलण्याची सवय नाही. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

फाल्गुनात आपण पंधराजणी भीमाशंकरला गेलो. दर्शन आटोपून रान पाहायला निघालो. हे रान १९८५ साली अभयारण्य झाले. वाट दाखवायला तिथल्याच एक महादेव कोळी बाई आल्या. त्यांना आम्ही मावशीच म्हणू लागलो. त्यांनी हिरड्याचे झाड दाखविले. आपल्याला हिरडा ठाऊक तो औषधाच्या डबीतला! बाळहिरडा गोळा करून विकायचा, त्यावर मावशींचा उन्हाळा निघतो. अंजनीच्या फांद्यांना निळीजांभळी फुले चिकटली होती. कारवीचे मात्र नुसते दांडे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. मावशींच्या घराचा कूडही कारवीचाच.

वाट फार अरुंद. पातळ सावरता सावरता मी कुरकुरले, "एवढी माणसे येतात, वाट जरा रुंद करायला काय होते?" मावशी काही बोलल्या नाहीत.

इतक्यात वर पाने सळसळली. शेकरू! आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी. आहे खारच, पण शेपटीसकट तीन फुटांची. पाठ तांबूस, पोट पिवळसर. मागच्या पायांनी उलटे लोंबकळून फळ कुरतडत होते. एकच शेकरू अनेक घरटी बांधते, तीही बारीक फांद्यांवर, जड जनावर पोचू नये म्हणून. (आपल्याला एक घर आवरताना पुरेवाट होते!) एकीने चिवड्याची पुडी सोडली, ती मावशींनी हातानेच मिटवली.

शेकरू झाडावरून झाडावर उड्या घेत आमच्या बरोबरीने मोटारीच्या सडकेपर्यंत आले. तिथे फांदीच्या टोकाशी थांबले. दुसऱ्या फांदीवर गेले, तिथेही थांबले. पलीकडची झाडे फार लांब होती. शेवटी ते माघारी फिरले.

मावशी म्हणाल्या, "ते भुईवर सहसा उतरत नाही, बाई. उतरलं तर कुत्री धरतात. वाटेवर झाडाला झाड लागलेलं असलं की पलीकडं जातं."

मी मागे वळून पाहिले. आमच्या अरुंद वाटेवर दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या होत्या. खाली माझ्या पातळाचा काठ काट्यांनी फाटलेला. मी तो खोचला आणि गप्प चालू लागले.

मावशींनी निरोप दिला आहे, बाळहिरडा हवा असेल त्यांनी आधी कळवावे. मी माझा एक किलो सांगून ठेवला आहे.